न बिघडलेले ट्रक

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या ॲन आर्बरमध्ये शोधून सापडायचा नाही. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलाय, तेव्हा हे मी अधिकाराने सांगते. घरातून निघताना शेगडी बंद आहे की नाही ते तीनदा बघायचं, आणि गाडी गॅरेजबाहेर काढली की परत उतरून चौथ्यांदा. बर्फ पडणार अशी नुसती बातमी आली की आदल्या दिवशीच फुटपाथवर मीठ टाकून ठेवायचं, कोणी घसरून पडला तर आपल्यावर केस करेल म्हणून. मागच्या वर्षापासून तर फिरायला जातानाही कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्टची कॉपी. मी म्हटलं, "अहो, चाळीस वर्षं झाली सिटिझन होऊन. तुम्हाला कोण विचारणार आहे?" तर म्हणाले, "विचारलंच तर?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमचे हे त्या ब्रह्मराक्षसाला घरात घेऊन चहा पाजतात.

नाव गुरुदत्त. वय अठ्ठ्याहत्तर. उभी नोकरी मोटारींच्या ब्रेकवर काम करण्यात गेली. ब्रेकच! दुसरं काय करणार हा माणूस?

अमेरिकेत यायच्या आधी हे दोन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला होते. तिथली घरमालकीण जिन्यात, न्हाणीघरात, हीटरवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवायची. आंघोळ कधी करायची, बूट कुठे काढायचे, किती वाजल्यानंतर नळ सोडायचा नाही. आणि त्या सगळ्या जुन्या जर्मन लिपीत. ती लिपी म्हणजे ताटात सांडलेल्या शेवया, कुठलं अक्षर कुठे संपतं ते कळत नाही. पुढे त्यांच्या सरकारनेच ती शाळांतून काढून टाकली, त्यामुळे आताच्या जर्मन लोकांनाही वाचता येत नाही. बरोबरची मुलं खुशाल चिठ्ठ्यांकडे दुर्लक्ष करत. ह्यांनी मात्र चार महिन्यांत लिपी शिकून घेतली, कारण एखादा नियम मोडला तर म्हातारी सामान रस्त्यावर फेकेल ही धास्ती. भीतीपोटी माणूस काय काय शिकतो बघा.

तीच लिपी पन्नास वर्षांनी आमच्या मुळावर आली.

आमच्या समोरच्या घरात डीटर राहतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, बायको गेलेली, हृदयाची एक झडप बदललेली. चौदाव्या वर्षी आईबरोबर जर्मनीहून मिशिगनला आला. वडील जर्मन सैन्यात अधिकारी होते. रशियाच्या आघाडीवर गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या तीन डायऱ्या मागे राहिल्या, दोन घरी होत्या आणि तिसरी सैन्याने सामानाबरोबर पाठवलेली, सगळ्या ह्याच शेवयांच्या लिपीत. डीटर शाळेत जायला लागला तोवर लिपी बंद झालेली, त्यामुळे बापाचं अक्षर मुलाला वाचता येईना. आईला यायचं, पण "नंतर वाचू, नंतर वाचू" म्हणत ती बाई निघून गेली. युनिव्हर्सिटीत वाचणारे मिळाले असते, पण डीटरचा हट्ट, परक्या माणसाने आधी वाचायचं नाही. मग ह्या जानेवारीत, बर्फ उपसता उपसता, ह्यांच्या तोंडून श्टुटगार्टची म्हातारी निघाली आणि डीटरने फावडं टाकून ह्यांचा हात धरला.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीनला डीटर यायचा. काखेत वही, वहीला ब्रेडची रिकामी पिशवी. जाताना ती परत घेऊन जायचा, आमच्याकडे कधी ठेवली नाही. हे भिंग लावून वाचायचे, आधी जर्मन, मग इंग्रजी. मी चहा आणि चिवडा ठेवून स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकायची.

खरं सांगू? मला वाटलं होतं, नाझींच्या सैन्यातला माणूस म्हणजे शिंगंच असणार डोक्यावर. कसलं काय! पहिली वही म्हणजे नुसतं रडगाणं. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीला लहानसंच सैन्य ठेवायची परवानगी, त्यामुळे बढती मिळेना. बारा वर्षं लेफ्टनंटच. बूट फाटलेत, घोडा खोकतोय, वरचा साहेब मरत नाही आणि रिटायरही होत नाही. माझे भाऊजी पी.डब्ल्यू.डी.त असंच रडायचे. डीटर तर हसून हसून खोकायचा.

दुसऱ्या वहीत हिटलर आला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या आज्या-आजोबांची चौकशी सुरू झाली. ह्या बापाचा जिवलग मित्र होता, रूडी. त्याची आजी ज्यू निघाली आणि त्याला काढून टाकलं. डायरीत एवढंच होतं, "रूडीला निरोप द्यायला स्टेशनवर गेलो नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. सर्दी झाली नव्हती." डीटर खाली बघत म्हणाला, "निदान लिहून तरी ठेवलं."

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शपथ. तोवर शपथ देशाची घ्यायची, आता एका माणसाची, त्याचं नाव घेऊन. सगळे अधिकारी मैदानात रांगेने उभे. "मी ओठ हलवले. शेजारच्याला ऐकू जाईल इतकाच आवाज काढला."

त्या संध्याकाळी जेवताना हे घास हातात धरून म्हणाले, "शोभा, मी असतो तर मीही हलवले असते."

"जेवा गप," मी म्हटलं. पण ते खरं होतं.

तिसरी वही रशियाच्या आघाडीवरची. एव्हाना बापाला बढती मिळून तो मेजर झालेला, पाचशे माणसं हाताखाली. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी वाचता वाचता ह्यांचा आवाज बंद झाला. मी कोथिंबीर निवडत होते, मान वर केली. ह्यांचं बोट एका ओळीवर, चेहरा पिठासारखा. डीटर पुढे झुकून विचारतोय, "काय आहे? गुरु, काय लिहिलंय?"

मग हे बोलायला लागले. एरवी शब्दाशब्दाला अडखळणारा माणूस त्या दिवशी घडाघडा बोलला. म्हणाले, एका गावातल्या ज्यू लोकांना बाहेर नेऊन मारायचं होतं, त्यासाठी तुमच्या वडिलांकडे ट्रक मागितले. त्यांनी ट्रक बिघडलेत असं कळवलं आणि दिले नाहीत. ट्रक बिघडलेले नव्हते.

डीटर रडला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस लहान मुलासारखा ओठ काढून रडला. ह्यांना मिठी मारली, मला मिठी मारली. मीही वेडी, डोळे पुसत उठले आणि तुपातला शिरा केला.

त्या दिवसापासून आमच्याकडे अन्न कोणाला जाईना. म्हणजे ह्यांना. चहात मीठ घालून प्यायले आणि कळलं नाही. शेगडी तीनदाऐवजी सात-आठदा बघायला लागले. फोन वाजला की दचकायचे. मी विचारलं की म्हणायचे, "ॲसिडिटी." मला वाटलं, काही मोठं दुखणं लपवताहेत. ह्या वयात दुसरं काय मनात येणार? मी गुपचूप डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी डीटर आला तो केस कापून, निळा शर्ट घालून. बसलाच नाही, उभ्याउभ्याच बोलायला लागला. लायब्ररीत येत्या रविवारी दोन वाजता युद्धात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणाचा कार्यक्रम आहे. डीटरने तिथल्या बाईंना वडिलांची हकीकत आणि त्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी त्याला बोलायला बोलावलंय. वही काचेखाली ठेवणार, नेमकं ते पान उघडून. "आणि ऐक गुरु," डीटर म्हणाला, "त्यांनी गावाचं नाव कार्यक्रमाच्या ईमेलमध्ये टाकलं तर डेट्रॉइटजवळून एका बाईंचा फोन आला. ॲडेल नाव. तिच्या आईचं सगळं कुटुंब त्याच गावातलं. आई तेवढी वाचली. ती मुद्दाम येतेय. तिला माझा हात हातात घ्यायचाय!"

तो गेला. हे खुर्चीला धरून उभे होते, ते तसेच खाली बसले.

"ॲसिडिटी ना?" मी म्हटलं. "आता बोला. नाहीतर मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

तेव्हा कळलं. पानावर लिहिलेलं असं होतं: "आज सहा ट्रक आणि चाळीस माणसं मागितली. गावातल्या ज्यूंना खाणीपाशी न्यायला. कशासाठी ते मला माहीत होतं. सही केली, ट्रक दिले. मुलंही होती. शेजारच्या तुकडीच्या फोग्टने मागच्या आठवड्यात ट्रक बिघडलेत असं कळवलं. त्याचे ट्रक बिघडलेले नव्हते. त्याला काही झालं नाही."

ह्या शहाण्याने त्या फोग्टचं पुण्य उचलून डीटरच्या बापाच्या पदरात घातलं होतं.

मला संतापच आला. "अहो, ही काय चिवड्याची वाटी आहे, ह्याची त्याला दिली म्हणून चाललं? ती बाई त्याचा हात धरायला येतेय! ज्याच्या बापाने ट्रक दिले त्याचा हात!"

"त्याचं हार्ट, शोभा. तो समोर बसला होता. मी खरं वाचलं असतं आणि तो तिथेच गेला असता तर?"

"आणि आता काचेखाली ते पान कोणी वाचलं तर?"

"कोणाला येतंय वाचायला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही," मी म्हटलं. "आणि नाही उगवला तरी? ती बाई जन्मभर त्या माणसाचं नाव देवासारखं घेईल. चालेल तुम्हाला?"

मग मी ते बोलले जे आमच्या घरात कोणी बोलत नाही.

"आप्पांच्या वेळी काय झालं होतं? आठवतंय?"

आप्पा म्हणजे माझे सासरे. शहाऐंशी साली ह्यांच्या धाकट्या भावाचा, राजारामचा, पुण्याहून फोन आला होता. "आप्पा सीरियस आहेत, लगेच निघ." आपल्याकडची रीतच ती. माणूस गेला असं परदेशातल्याला सांगायचं नाही, सीरियस आहे सांगायचं, म्हणजे प्रवास तरी धड होतो. हे इथल्या डॉक्टरांच्या हातापाया पडून औषधाची बाटली घेऊन निघाले. तीस तास ती मांडीवर धरून बसले, देवाला काय काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. दारात पोचले तर अंगणभर चपला. आप्पांच्या अस्थीही गोळा करून झालेल्या. तिथेही राजारामने समजूत काढली, "तू विमानात बसलास ना, तेव्हा गेले. तुझं नाव घेत होते." हे सहा वर्षं त्या दिवसाच्या तिथीला श्राद्ध करत राहिले, इथे बेसमेंटमध्ये, यूट्यूब नव्हतं तेव्हा पोथीवरून. मग घराच्या कागदांसाठी आप्पांचा मृत्यूचा दाखला हातात आला. आप्पा फोनच्या दोन दिवस आधीच गेले होते. सहा वर्षं बापाचं पान चुकीच्या दिवशी वाढलं. त्या दिवशी ह्या गरीब माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी आवाज चढवला. राजारामला फोनवर ओरडले, "तुम्ही कोण माझ्यासाठी ठरवणारे?"

"आता डीटरसाठी ठरवणारे तुम्ही कोण?" मी म्हटलं.

हे उठले आणि शेगडी बघायला गेले.

बुधवारी हे रस्त्यापर्यंत जाऊन परत आले. गुरुवारी डीटरचाच फोन, भाषण लिहितोय, येत नाही. शुक्रवारी त्याची केकची ताटली परत द्यायचं निमित्त करून गेले आणि अर्ध्या तासाने आले. "सांगितलं?" तर म्हणाले, "त्याने मला भाषण वाचून दाखवलं." शनिवारी अंथरुणातून उठेचनात. मी वरून कितीही तडतडत होते तरी मलाही भीती होतीच. म्हातारा खरंच छातीला हात लावून कोसळला तर? त्याच्या मुलांना काय सांगायचं? चाळीस वर्षांचा शेजार. माझं बाळंतपण झालं तेव्हा त्याच्या बायकोने आमच्या घरात आठ दिवस सूप आणून दिलं होतं.

रविवारी सकाळी दहाला हे कोट घालून दारात उभे राहिले. एप्रिल असून बर्फ भुरभुरत होतं. "तू चल," म्हणाले. मी चपलांवरच निघाले. रस्ता ओलांडताना ह्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

डीटरने दार उघडलं. टाय बांधलेला होता. हे आत गेले नाहीत, बसले नाहीत, उंबऱ्याशी उभं राहूनच म्हणाले, "मी त्या दिवशी खोटं वाचलं."

डीटरने आत जाऊन ब्रेडची पिशवी आणली, वही काढली आणि पुढे केली. "वाच."

ह्यांनी वाचलं. या वेळी सगळं, अडखळत. मी डीटरच्या छातीकडे बघत होते, शर्ट वरखाली होतोय ना. होत होता.

"का केलंस?" डीटरने विचारलं.

"मला भीती वाटली. तुम्हाला काही होईल म्हणून."

"बघ," डीटर म्हणाला. "उभा आहे. मला काही झालं नाही." मग त्याने वही ह्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "आता जा तुम्ही." दार लावलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "झालं. आपण लायब्ररीत नको जायला."

"जायचं," मी म्हटलं. "तो खोटं बोलला तर ऐकायला, आणि खरं बोलला तरीही."

लायब्ररीच्या हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या होत्या. आम्ही मागे, दाराजवळ बसलो. ह्यांचा पासपोर्टच्या खिशावर हात. ॲडेल पहिल्या रांगेत होती, सत्तरीची, बारीकशी, राखाडी कोट. डीटर आत आला तशी ती लगबगीने उठली, दोन्ही हात पुढे केले.

डीटरने हात दिला नाही. आपले हात पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "आधी ऐका. मग ठरवा."

तो माईकपाशी गेला. लिहून आणलेला कागद त्याने खिशातून काढलाच नाही. म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलेली गोष्ट खरी नाही. खरी ह्या वहीत आहे, ती मला वाचता येत नाही." मग मागे आमच्याकडे बघितलं. "गुरु. ये."

मला वाटलं, हे आता दारातून बाहेर पळणार. दार हाताशीच होतं. ह्यांची पाचावर धारण बसलेली. पण उठले. भिंतीचा आधार घेत पुढे गेले. भिंग हातात स्थिर राहीना म्हणून डीटरने त्यांचं मनगट धरलं. आणि त्या माणसाने, ज्याने उभ्या जन्मात सोसायटीच्या मीटिंगमध्येही तोंड उघडलं नाही, ते पान चाळीस लोकांसमोर वाचलं. ट्रक दिले. मुलंही होती. फोग्टने दिले नाहीत. त्याला काही झालं नाही.



ॲडेल उठली आणि सरळ त्या दोघांकडे चालत गेली. मला वाटलं, आता थोबाडीत मारणार. कोणाच्या, ते सांगता आलं नसतं. मी पुढे धावले.

ती वहीकडे बोट करून म्हणाली, "ह्या पानावर तारीख आहे?"

ह्यांना कळेना. मग म्हणाले, "आहे. वर कोपऱ्यात. नऊ ऑक्टोबर, एकेचाळीस."

"माझ्या आईला तारीख माहीत नव्हती," ती म्हणाली. "सांगायला कोणी उरलंच नाही. ती अंदाजाने एक दिवस धरून गेलेल्यांसाठी दिवा लावायची. मरेपर्यंत म्हणायची, चुकीच्या दिवशी लावतेय की काय." तिने पर्समधून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहायला लागली. "आमच्या पंचांगात कोणता दिवस येतो ते मी बघून घेईन. नऊ म्हणालात?"

ह्यांचे डोळे भरून वाहत होते, नाकही. तसेच वहीवर वाकले, भिंग लावलं, आकड्यावर बोट ठेवलं. "नऊ," म्हणाले. "नऊच आहे. मी तीनदा बघितलंय."

आणि मग चौथ्यांदा बघितलं.